बोटाला न लागणारा शिक्का

शेषराव सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्री ओढत होते, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडे कचरू होता. बोलत कमी होता, धापाच जास्त टाकत होता.

"पाटील, लवकर या. पोरीची डिग्री गेली."

"गेली म्हंजे? हरवली का चोरीले गेली?"

"मले काही समजून नाही राह्यलं. फाइलीत हाये बी अन् नाही बी. तुम्ही या फक्त."

शेषराव गावचे पोलीस पाटील. जानेफळच्या रस्त्यावरून आत वळलं की हे गाव. इथे म्हैस चोरीला गेली, बांधावरून डोकी फुटली, तर ठाण्याला कळवायचं आणि ठाण्याचा माणूस येईपर्यंत चौकशी करून ठेवायची, हे त्यांचं काम. पण डिग्री फाइलीत आहे आणि नाहीही, असली तक्रार त्यांच्याकडे कधी आली नव्हती. त्यांनी ताडपत्री तशीच सोडली आणि गाडीला किक मारली.

कचरूच्या दारात माणसं जमली होती. कचरू मेहकरच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला. त्याची मुलगी धम्मशीला किरगिझस्तानात, बिश्केकला जाऊन डॉक्टरी शिकून आली होती. तिच्यासाठी घरचं होतं नव्हतं ते वावर विकलं होतं, हे गावाला माहीत होतं.

धम्मशीला खाटेवर बसली होती. पुढ्यात निळी फाइल. ती रडत नव्हती, म्हणून शेषरावांना जास्तच अवघडल्यासारखं झालं.

"पाटीलकाका, इथं बोट फिरवा," तिने फाइलीतला कागद पुढे केला.

शेषरावांनी बोट फिरवलं. गुळगुळीत.

"इथं विद्यापीठाचा उठावाचा शिक्का होता. डोळे मिटून बोट ठेवलं तरी लागायचा. अन् मागून पाहा."

मागची बाजू कोरी होती.

"मागं तिकडच्या सरकारची मोहोर होती. हे रंगीत झेरॉक्स आहे काका. माझी खरी पदवी कोणीतरी काढून घेतली अन् हे ठेवलं."

शेषरावांनी कागद उजेडात धरला. अक्षरं, चिन्हं, सह्या, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात अक्षरांवरून एक तिरका पांढरा पट्टा गेला होता, जसा काही तिथे उजेड सांडला असावा. आणि चारी बाजूंनी, कडेपासून थोडी आत, एक फिकी रेघ होती. हे झेरॉक्सवाल्याने नीट काढलेलं दिसत नाही, एवढंच तेव्हा त्यांच्या मनात आलं.

"खऱ्याशिवाय काय अडून राह्यलं?"

"सगळंच. परदेशातली पदवी इथं आपोआप चालत नाही काका. आधी आपल्या सरकारची परीक्षा द्यावी लागते. ती मी दुसऱ्या खेपेला पास झाले. आता सोमवारी मुंबईला वैद्यकीय परिषदेच्या कार्यालयात मूळ कागद दाखवायचे. ते पटले की नोंदणी होते. नोंदणी झाली की वर्षभर दवाखान्यात उमेदवारी, अन् मग नावापुढं डॉक्टर. मूळ पदवी नसली तर या खेपेची जागा गेली. दुसरी प्रत तिकडून यायला किती महिने लागतील, कोणाला ठाऊक."

दारातून कोणीतरी पुटपुटलं, "असंल तर जाईल ना! असलीच नसंल तर चोरणार काय?"

कोणीतरी हसलं. धम्मशीलाच्या आईने, मंजुळाबाईने, पदर तोंडाला लावला.

शेषराव दाराकडे वळून ओरडले, "काय बे, तमाशा हाये का हा? चला, निघा!" माणसं दोन पावलं मागे सरली, तेवढंच.

"खरी पदवी शेवटची कवा पाह्यली?"

"शाळेत माझा सत्कार झाला त्या दिवशी," धम्मशीला म्हणाली. "स्टेजवर सगळ्यांनी हातात घेऊन पाह्यली. मग संस्थेचे अध्यक्षसाहेब म्हणाले, थोडे दिवस शाळेत ठेवू, पोरांना पाहू द्या. काचेच्या कपाटात लावली होती."

"शाळेतून कोणं आणली?"

"म्या," कचरू म्हणाला. "अध्यक्षसाहेबांनं सोता फाइल बांधून हातात देली. म्या उघडून नाही पाह्यली. त्यांच्यासमोर कशी उघडाव? अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं."

"मग कोणाच्या हाती गेली?"

"राजकुमार येऊन गेला, मेहकरचा. त्यानंच पोरीचं तिकडलं अ‍ॅडमिशन केलं होतं. सगळे कागद हायेत का पाहतो म्हणे. त्यानं फाइल चाळली."

"अन् घरात?"

सगळ्यांची नजर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या अश्वजितकडे गेली. अश्वजित धम्मशीलाचा थोरला भाऊ. जानेफळला झेरॉक्सच्या दुकानात कामाला. वावर विकलं तेव्हा त्याने घरात भांडण केलं होतं, हेही गावाला माहीत होतं. आणि दुकानात रंगीत झेरॉक्सची मशीन होती.

शेषरावांना वाटलं, म्हैस सापडली.

"अश्वजित, तुहा बिस्तर कुठी हाये?"

"काऊन?"

"पाहू दे."

झडती घ्यायचा अधिकार शेषरावांना नव्हता. कचरूने तो विचारला नाही आणि शेषरावांनाही तो आठवला नाही. त्यांनी अश्वजितची पिशवी उपडी केली, गादी उलटवली. मग अंधारात दिसत नाही म्हणून लोखंडी पेटी अंगणात ओढून आणली. मंजुळाबाईची लुगडी, धम्मशीलाचे कपडे, आतले-बाहेरचे, सगळं उन्हात, गावासमोर. मंजुळाबाई एक एक कपडा उचलून पोटाशी धरत गेली. पेटीत काही निघालं नाही.

"झालं समाधान?" अश्वजितने विचारलं.

शेषरावांनी रंगीत प्रत चौकशीसाठी मागून घेतली आणि निघाले.

शाळा गावाबाहेर, संस्थेची. अध्यक्ष भगवंतराव देशमाने. तालुक्यात वजन असलेला माणूस. पांढरा सदरा, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांच्यासमोर शेषराव खुर्चीच्या कडेवर बसत.

"या पाटील, बसा. ऐकलं मी. फार वाईट झालं," भगवंतराव म्हणाले आणि चहा सांगितला.

कार्यालयाच्या भिंती चकचकत होत्या. वेळापत्रक, सुविचार, गुणवंतांची यादी, सगळ्यांवर प्लास्टिक चढवलेलं. कोपऱ्यात टेबलावर लॅमिनेशनची मशीन होती. ती भगवंतरावांनीच हौसेने आणलेली. पहिल्या आलेल्या मुलाचं प्रमाणपत्र शाळेकडून भेट म्हणून प्लास्टिकमध्ये घालून मिळायचं, आणि आईबाप ते लग्नाच्या फोटोशेजारी टांगायचे. कागद ओलाव्याने जातो, वाळवीने जातो, प्लास्टिकमधला जात नाही, हे भगवंतराव दर पंधरा ऑगस्टला भाषणात सांगत. वेळापत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात प्लास्टिकला एक तिरकी वळी पडली होती. शेषराव चहा येईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले. पाहुण्याने कुठेतरी पाहायचं म्हणून पाहावं, तसे.

"साहेब, पदवी इथून गेली तवा खरी होती ना?"

"म्हणजे काय! मी स्वतः फाइल बांधली."

"कपाटाची किल्ली?"

"माझ्याकडेच." भगवंतराव थांबले. मग आवाज खाली करून म्हणाले, "पाटील, तुम्हाला म्हणून सांगतो. हे परदेशातलं प्रकरण सरळ नसतं. त्या राजकुमारसारखे लोक काहीही विकतात. पदवी मुळातच बोगस असेल, आता तपासणी जवळ आली म्हणून हा बनाव... पोरगी बिचारी भोळी आहे. जास्त खोलात नका जाऊ. तिचीच बदनामी होईल."

शेषरावांनी मान डोलावली. एवढ्या मोठ्या माणसाने बोलल्यावर मान आपोआप डोलते. जाताना दारात ते म्हणाले, "कपाट एकदा पाहिलं असतं तर..."

"पाहा की. पण किल्ली आज घरी राहिली."

"राहू द्या साहेब, राहू द्या," शेषराव घाईघाईने म्हणाले.

संध्याकाळपर्यंत 'बोगस' हा शब्द गावभर झाला. शेषरावांनी तो कोणालाही सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते मेहकरला राजकुमारच्या ऑफिसात गेले. भिंतीवर कोटातल्या पोरापोरींचे फोटो होते.

"डिग्री तू बदलली का?"

राजकुमार हसला. "पाटीलसाहेब, मी काऊन बदलू? पोरगी डॉक्टर झाली तर तिचा फोटो दाखवून मी दहा पोरं पाठवतो. नाही झाली तर लोक माह्या दुकानावर दगड मारतीन."

"बोगस असंल तर?"

"थांबा." त्याने संगणक वळवला, विद्यापीठाच्या पानावर पदवीचा क्रमांक टाकला. धम्मशीलाचं नाव आलं, इंग्रजीत आणि तिकडच्या लिपीत. "हे पाहा. विद्यापीठ म्हणते खरी हाये. तुमचं गाव म्हणते खोटी हाये. मी कोणाचं ऐकू?"

पदवी खरी होती. तर मग ती खोटी असल्याचं कोणाला हवं होतं?

तिथून ते जानेफळला, झेरॉक्सच्या दुकानात गेले. अश्वजितने त्यांना पाहून मशीनचं झाकण आपटलं.

"आता दुकान बी उपडं करता का?"

"नाही." शेषरावांनी प्रत काउंटरवर ठेवली. "फक्त सांग. हे तुह्या मशीनचं हाये का?"

अश्वजितने नाइलाजाने कागद हातात घेतला. "नाही. आमची मशीन लाल रंग असा नाही देत. हे बुलडाण्याकडलं असंल."

"अन् हा पट्टा?"

"उजेडाचा हाये. मशीनचा दिवा फिरते ना, त्याचा."

"कागदावर असा येते?"

"साध्या कागदावर नाही येत. वर काही चकचकीत असलं अन् त्याले वळी पडली असली, तर तिथं उजेड सांडते." अश्वजितने प्रत परत दिली आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "वावरासाठी भांडलो म्या. पण फी भरली तवा तिच्यासोबत बँकेत कोण गेलं होतं, ते इचारलं का कोणी?"

शेषराव घरी आले. नात अनुपमा अंगणात अभ्यास करत होती. गेल्या साली ती चित्रकलेत पहिली आली होती. तिचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं. शेषरावांनी ते खिळ्यावरून काढलं आणि दारात उन्हाला धरलं. मग खिशातली प्रत त्याच्याशेजारी धरली.

"आबा, काय पाहता?"

त्यांना खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. पण ते उंबऱ्यावर बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर चोर आला नाही. उन्हात पसरलेले कपडे आले.

शनिवारी त्यांनी कचरू, धम्मशीला आणि अश्वजितला शाळेच्या कार्यालयात बोलावलं. भगवंतराव खुर्चीत होते.

"पाटील, हे काय आरंभलं?"

"साहेब, तुमच्या घरी जाऊन वहिनींना सांगितलं, कपाटाची किल्ली द्या. त्यांनी देली." शेषरावांनी किल्ली टेबलावर ठेवली. "उघडायच्या आधी मी काय समजलो ते सांगतो. चुकलो तर थांबवा."

भगवंतरावांनी किल्लीकडे पाहिलं.

"ही रंगीत प्रत. हिच्या कोपऱ्यात तिरका पट्टा हाये. कागदावर असा पट्टा येत नाही. म्हणजे प्रत काढली तवा पदवी नुसती कागद नव्हती, तिच्यावर प्लास्टिक चढलेलं होतं. कडेनं जी फिकी रेघ दिसते, ती कागद कुठं संपते अन् प्लास्टिक कुठं सुरू होते त्याची. आता, चोर प्लास्टिक चढवून चोरी करत नाही. प्लास्टिक चढवते तो जपणारा."

धम्मशीलाचा हात तोंडावर गेला.

"तिकडं पाहा." शेषरावांनी वेळापत्रकाकडे बोट केलं. "वरचा उजवा कोपरा. आता हे पाहा." त्यांनी अनुपमाचं प्रमाणपत्र ठेवलं, शेजारी प्रत. "तीच वळी. तीच तिरपी. या मशीनच्या रुळाले कुठंतरी खोट हाये, म्हणून इथून निघालेल्या प्रत्येक कागदावर ती पडते. अश्वजितच्या दुकानात नाही पडत, मेहकरात नाही पडत. राजकुमारनं फाइल पाह्यली ती नंतर. पदवीवर प्लास्टिक इथं चढलं, कपाटात असताना. अन् कपाटाची किल्ली एकाकडेच."

अश्वजितने प्रत उचलून वेळापत्रकाशी ताडून पाहिली.

"एवढंच असतं तर तुम्ही सांगितलं असतं, साहेब. पण गरम रुळाखालून कागद गेला अन् शिक्का दबून सपाट झाला असंल. तुम्ही शिकलेले, तुम्हाले लगेच समजलं. प्लास्टिक निघते का पाहायले बुलडाण्याले नेलं, नाही निघालं. मग तिथंच रंगीत प्रत काढली अन् फाइलीत घातली. फाइल बांधून देली, म्हंजे कचरू तुमच्यासमोर उघडणार नाही. बरोबर?"

भगवंतरावांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचं तोंड म्हातारं दिसत होतं.

"मला तिला भेट द्यायची होती," ते म्हणाले. "गावातली पहिली डॉक्टर. आपल्या शाळेची पोरगी. तो कागद जन्मभर टिकावा म्हणून... मशीनमधून बाहेर आला आणि मी बोट फिरवलं. शिक्का गेला होता. मागची मोहोर काळी पडली होती."

"मग सांगितलं काऊन नाही?" अश्वजितचा आवाज फाटला.

"कसं सांगू? बत्तीस वर्षं मी या गावाला कागदाची किंमत शिकवली. अन् मीच... वाटलं, काहीतरी मार्ग काढू. मग तिला कळलं, गाव जमलं, आणि माझ्या तोंडून तो शब्द गेला."

"बोगस," धम्मशीला म्हणाली.

"हो."

"शिक्का गेला ते चुकून गेला, सर. मी समजू शकते. पण माझ्या आईला परवापासून लोक विचारतात, पोरगी तिकडं खरंच शिकत होती का दुसरं काही करत होती. तो शब्द चुकून नाही गेला."

भगवंतरावांनी मान खाली घातली. शेषरावांनी कपाट उघडलं. ट्रॉफ्यांच्या मागे, खाकी पाकिटात, पदवी होती. प्लास्टिक एका कोपऱ्याला ओढून सोडून दिलेलं, तिथली कड उचकटलेली.

"फाडून टाकायला दोनदा हातात घेतली," भगवंतराव म्हणाले. "हात धजला नाही."

मग ते धम्मशीलाकडे वळले. "मी माफी मागतो, बेटा. दुसरी प्रत मागवू. जे काय करायचं ते मी करतो. फक्त हे या चार भिंतींत..."

"नाही सर. सोमवारी तुम्ही माझ्यासोबत चला. परिषदेच्या खिडकीवर तुमच्या तोंडानं सांगा, हे कोणी केलं अन् कसं केलं. मी सांगितलं तर त्यांना बनाव वाटेल. तुम्हीच म्हणाला होता ना, बनाव."

"मी? तिथे, सगळ्यांसमोर?"

"आमची पेटी बी सगळ्यांसमोरच उघडली होती," कचरू म्हणाला. तो एवढंच बोलला, आणि बोलला तो भगवंतरावांना. पण लागलं शेषरावांना.

धम्मशीला शेषरावांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "काका, सरांच्या कपाटाची किल्ली तुम्ही मागून आणली?"

"हाव."

"वहिनींना विचारून?"

"हाव."

ती पुढे काही बोलली नाही. शेषरावांना वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी मुंबईत भगवंतराव खिडकीपुढे उभे राहिले. मागे रांगेत पोरं होती, रशियाहून, जॉर्जियाहून, कुठून कुठून शिकून आलेली. भगवंतरावांनी सगळं सांगितलं. मध्ये एकदा आवाज बसला, तेव्हा खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "जरा मोठ्याने बोला." त्यांनी मोठ्याने सांगितलं. बाईंनी पदवी उलटसुलट पाहिली. प्लास्टिक चढवलेला कागद तपासायला घेता येत नाही, म्हणाल्या. पण विद्यापीठाने थेट परिषदेला खात्री कळवली आणि दुसऱ्या प्रतीचा अर्ज दाखवला, तर या खेपेतलं नाव महिनाअखेरपर्यंत राखून ठेवता येईल. धम्मशीलाने तिथेच पायरीवर बसून बिश्केकला मेल केली. खात्रीचं पत्र महिना संपायच्या आत आलं. अकोल्याच्या दवाखान्यात तिची जागा पक्की झाली.

जायच्या आदल्या दिवशी शेषराव तिला रस्त्यात भेटले. बोलायचं खूप ठरवलं होतं, तोंडातून एवढंच निघालं, "पोरी, माह्याकडून चूक झाली."

"मला नका सांगू काका. माय अजून सगळ्या बाया गेल्यावर नळावर जाते. शेवटी. टाकीच्या तळाचं गढूळ पाणी आणते. बाया काही म्हणत नाहीत आता, पण तिच्या मनातून पेटी जात नाही."

दुसऱ्या सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा शेषराव कचरूच्या दारात उभे होते. आत गेले नाहीत. बाहेरूनच विचारलं, "वहिनी, येऊ का आत?"

मंजुळाबाई बाहेर आली. गोंधळली होती.

"हंडा घ्या वहिनी. माह्यासोबत चला."

नळावर बायांची गर्दी होती. पोलीस पाटलाला पाहून सगळ्या गप्प झाल्या. शेषरावांनी टोपी काढली. गावात त्यांना टोपीशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं.

"बायांनो, ऐका. मी मंजुळावहिनीच्या घरात घुसून पेटी उपडी केली. मले तो हक्क नव्हता. चोर तिथं नव्हता. जिथं होता तिथं मी चहा पेत बसलो, किल्ली मागायची बी हिंमत झाली नाही. घर कोणाचं हाये ते पाहून मी पोलीस झालो अन् घर कोणाचं हाये ते पाहून पाहुणा झालो. वहिनी, मी चुकलो. मले माफ करा, नाही तर नका करू. पण हे मले सगळ्यांसमोर बोलायचं होतं."

पाणी कोणाच्या तरी भरलेल्या हंड्यावरून वाहत होतं. शेषरावांची मान खाली होती. ती वर करायला कोणीतरी सांगावं, म्हणून ते थांबले होते. कोणी सांगितलं नाही.

मंजुळाबाईने हंडा कमरेवरून उतरवला. पदर खोचला. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली, अगदी नळापाशी.

"पाटील, सरका जरा," ती म्हणाली. "तुम्ही नळापुढं उभे राह्यले, म्या हंडा लावू कुठी?"